एका पगारावरचे आठ महिने : भांडुपमधील एका कुटुंबाच्या बाळंतपणाच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

कुटुंबाची स्थिती

प्रस्तुत प्रकरण भांडुप पश्चिमेच्या डोंगराळ भागातील एका चाळवजा वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याचे आहे. वस्तीतील बचत गटांच्या सभासदांना घरखर्चाचे नियोजन करून देण्याचे काम मी करते, आणि त्या निमित्ताने हे दोघे फेब्रुवारी महिन्यात माझ्याकडे आले. त्या वेळी पत्नीला चौथा महिना सुरू होता आणि डॉक्टरांनी जुलैच्या शेवटच्या आठवड्यातील तारीख दिली होती. दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असून नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पती एका गोदामात कंत्राटदारामार्फत कामाला होता. कागदावरचा पगार २०,५०० रुपये, आणि भविष्य निर्वाह निधी, विमा व व्यवसाय कर वजा जाता हातात सुमारे १८,३०० रुपये पडत. पत्नी मुलुंडच्या एका कापड दुकानात काउंटरवर उभी राहत असे व तिला रोख ११,००० रुपये मिळत. खोलीचे भाडे ७,५०० रुपये, वीजबिल सरासरी ९००, किराणा, भाजी, दूध आणि गॅस मिळून ८,०००, रेल्वे पास व रिक्षा १,२००, दोन मोबाइल ६००, सिंधुदुर्गातील आईवडिलांना ३,०००, मोबाइलचा हप्ता १,८५० आणि भिशी २,००० असा महिन्याचा ठरलेला खर्च २५,०५० रुपयांवर जात होता. उरलेले चार हजार सणवार, पाहुणे आणि गावच्या फेऱ्या यांत संपत. बँकेत २२,००० रुपये शिल्लक होते. हे कुटुंब कर्जबाजारी नव्हते, उधळे तर मुळीच नव्हते, आणि तरीही बाळाच्या बातमीने घरात आनंदाइतकीच धास्ती शिरली होती.

पहिली यादी आणि तीत नसलेली रक्कम

येताना त्यांनी वहीच्या एका पानावर यादी करून आणली होती. खाजगी नर्सिंग होमचे पॅकेज ६०,०००, हॉलमध्ये डोहाळजेवण २५,०००, पाळणा, बाबागाडी, वॉकर व कपडे १८,०००, बारसे ३०,०००, चाळीस दिवस मालीशवाली बाई १२,००० आणि सुकामेव्याचे लाडू ६,००० अशी एकूण १,५१,००० रुपयांची ती यादी होती. पैकी ८०,००० रुपये मंगळसूत्र आणि दोन बांगड्या गहाण ठेवून उभे करायचे व उरलेले मेहुण्याकडून उसने घ्यायचे, असे ठरत आले होते.

त्या पानावर सगळ्यांत मोठी रक्कम लिहिलेलीच नव्हती. दिवसभर उभे राहण्याचे काम असल्यामुळे पत्नी मे अखेरपर्यंतच दुकानात जाऊ शकणार होती, आणि बाळाला सहा महिने अंगावर पाजायचे म्हटले तर ती फेब्रुवारीच्या आधी कामावर परतणार नव्हती. जून ते जानेवारी हे आठ महिने दरमहा ११,००० रुपये येणार नव्हते, म्हणजे ८८,००० रुपयांचे उत्पन्न बुडणार होते. मातृत्व लाभाचा हक्क १९६१ च्या कायद्याने आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु दुकानांच्या बाबतीत तो हक्क दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणांपुरता आहे. तिच्या दुकानात मालकासह सात माणसे होती. मालक भला माणूस होता, जागा राखून ठेवतो म्हणाला, पण पगार देण्याची त्याची ऐपत नव्हती आणि तसे बंधनही त्याच्यावर नव्हते.

हा मुद्दा मी त्यांच्यापुढे सर्वांत आधी ठेवला, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून होता. बाळंतपणाचा खर्च एकदाच येतो आणि त्याची चर्चा सगळे नातेवाईक करतात. बंद झालेला पगार मात्र दर महिन्याला जाणवतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. सोने गहाण टाकून जुलै-ऑगस्टमध्येच सगळी रक्कम खर्ची पडली असती, तर दरसाल १२ टक्क्यांनी महिन्याला ८०० रुपये नुसते व्याज एकट्या पगारातून भरावे लागले असते, आणि तेही बाळाचे पहिले आजारपण येण्याच्या काळात. म्हणून आम्ही यादी उलट बाजूने करायला घेतली. आठ महिने घर चालवण्यासाठी किती पैसे बाजूला हवेत ते आधी ठरवायचे आणि जे उरेल त्यात बाळंतपण, कपडेलत्ते व समारंभ बसवायचे.

रुग्णालयाची निवड

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो या निर्णयात, आणि तो जाणे योग्यच होते. नर्सिंग होमने ‘नॉर्मल’ झाल्यास ६०,००० आणि ‘सिझर’ झाल्यास ९५,००० रुपये सांगितले होते. बाळाला काही झाल्यास येणारा खर्च वेगळा होता. सरकारी अथवा महापालिकेच्या रुग्णालयात जायला पत्नीची तयारी होती, पण सासूबाईंचा ठाम विरोध होता. त्यांच्या मनात गर्दी होती, एका खाटेवर दोन बायका होत्या, अंगावर ओरडणाऱ्या आया होत्या. ही भीती बिनबुडाची आहे, असे मी त्यांना सांगितले नाही. गर्दी असते, केसपेपरसाठी सकाळी लवकर रांग लावावी लागते, नवऱ्याला वॉर्डात थांबू देत नाहीत, त्यामुळे सोबतीला एक बाई लागते, आणि प्रत्येक कर्मचारी गोड बोलेलच असे नाही. हे सगळे मान्य करूनच पुढचे बोलणे शक्य झाले.

दुसऱ्या बाजूला असलेली गोष्टही तितकीच खरी होती. लहान नर्सिंग होममध्ये रक्तपेढी नसते, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग बहुधा नसतो, आणि अडचण आली की तिथूनही रुग्णाला मोठ्या रुग्णालयातच पाठवतात. म्हणजे ज्या प्रसंगाच्या भीतीने माणसे पैसे मोजतात, त्याच प्रसंगात ती शेवटी सार्वजनिक रुग्णालयाच्या दारात येतात. शिवाय १ जून २०११ पासून लागू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सार्वजनिक आरोग्य संस्थेत प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस जेवण आणि घरी परतण्यासाठी वाहन या गोष्टी मोफत आहेत. आजारी नवजात बाळावरील उपचारही त्यात येतात, आणि हे संरक्षण पुढे एक वर्षापर्यंतच्या बाळांसाठी वाढवण्यात आले आहे. सासूबाईंचे मन वळले ते मात्र योजनेच्या नावाने नाही. चाळीतल्या दोन सुनांची बाळंतपणे महापालिकेच्या ज्या रुग्णालयाचा विचार चालला होता तिथेच नुकतीच झाली होती. त्या दोघींच्या घरी सासूबाई स्वतः जाऊन बसल्या, जेवण कसे होते, चादर बदलत होते का, रात्री डॉक्टर हजर होते का असे सगळे त्यांनी विचारून घेतले, आणि मग ‘घाला नाव’ म्हणाल्या.

त्याच सुमारास पतीच्या पगारपत्रकावर एक नोंद सापडली, ती त्याने तीन वर्षे केवळ कापले जाणारे पैसे म्हणून पाहिली होती. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते; पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जमा होतात. पतीचे दरमहा १५४ रुपये जात होते. या विम्यात कामगाराची पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांना दवाखाना, औषधे व रुग्णालयाची सोय मिळते, आणि पत्नीचे बाळंतपणही त्यात येते. परंतु कंत्राटदाराने कुटुंबाची नोंद केलीच नव्हती. आधार क्रमांक व छायाचित्रे देऊन ती करून घेण्यासाठी पतीला त्याच्या कार्यालयात वारंवार जावे लागले आणि ई-पहचान कार्ड हाती येईपर्यंत एप्रिल उजाडला. तोवर महापालिकेच्या रुग्णालयात नाव घालून झाले होते, म्हणून बाळंतपण तिथेच ठेवले. विम्याचे कार्ड बाळाच्या पुढील आजारपणांसाठी आणि गावाकडून येणाऱ्या आईवडिलांच्या औषधांसाठी राखले. कंत्राटी कामगारांच्या घरांत हे वरचेवर दिसते. पैसे कापले जातात आणि हक्क पडून राहतो, कारण कुटुंबाची नोंद करून देण्याची घाई कोणालाच नसते.

सार्वजनिक रुग्णालय निवडले म्हणजे प्रत्येक गोष्ट तिथेच करायची, असा हट्ट आम्ही धरला नाही. बाळाच्या अवयवांची वाढ पाहणारी सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत व्हायला हवी. रुग्णालयात मिळालेली तारीख तेविसाव्या आठवड्यातील होती. ती एक सोनोग्राफी बाहेर १,६०० रुपये देऊन करून घेतली, कारण उशीर झाल्यावर तिचा पुरेसा उपयोग झाला नसता. पैसे कुठे वाचवायचे हे ठरवताना कुठे वाचवायचे नाहीत, हेही त्याच वेळी ठरवावे लागते.

पहिल्या तपासणीत पत्नीचे हिमोग्लोबिन ९.२ निघाले. गरोदरपणात ते ११ च्या खाली असले तर रक्तक्षय समजतात, आणि बाळंतपणात होणारा रक्तस्राव अशा बाईला जास्त जड जातो. लोहाच्या गोळ्या रुग्णालयातून मोफत मिळत होत्या, तरी घरी डबा जवळजवळ भरलेला राहत असे, कारण गोळी घेतली की तिला मळमळत असे आणि गोळीनंतर लगेच चहा होत असे. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तरी तोच परिणाम होतो. तिथल्या परिचारिकेने सांगितल्याप्रमाणे कॅल्शियम सकाळी न्याहरीनंतर आणि लोहाची गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, असा क्रम बसवला. आहारात महागडे काही आणले नाही. भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, नाचणीची भाकरी, पालेभाजी, आठवड्यातून दोनदा अंडी आणि सासूबाईंनी गावाहून पाठवलेले सोडे व सुकट एवढ्यावर चौतिसाव्या आठवड्यापर्यंत हिमोग्लोबिन १०.७ झाले. या सगळ्या तयारीतील सर्वांत मोलाचे काम कोणते, असे मला विचारले तर मी या गोळ्यांकडे बोट दाखवीन.

कागदपत्रे

पत्नीचे आधार कार्ड व बँक खाते माहेरच्या नावाने होते, आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर मात्र तिने सासरचे नाव सांगितले होते. ही तफावत तशीच राहिली असती तर पुढे जन्मदाखल्यावर एक नाव आणि खात्यावर दुसरे नाव आले असते. आधारवरचे नाव बदलून घेण्याच्या भानगडीत न पडता आम्ही केसपेपरवरचे नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घेतले आणि यापुढे प्रत्येक कागदावर तेच नाव लिहायचे ठरवले.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात : गरोदरपणाची नोंदणी आणि एक तपासणी सहा महिन्यांच्या आत झाल्यावर ३,००० रुपये, आणि जन्मनोंदणी व पहिल्या फेरीचे लसीकरण पूर्ण झाल्यावर २,००० रुपये. ही रक्कम थेट आईच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते. तिचे खाते आधारशी जोडलेलेच नव्हते. ते जोडून घेतले, असंघटित कामगार म्हणून तिचे ई-श्रम कार्ड काढून पात्रतेचा पुरावा जमवला, आणि वस्तीतील अंगणवाडी सेविकेमार्फत अर्ज भरला. ३,००० रुपये जूनमध्ये जमा झाले.

काही योजना या घराला लागू नव्हत्या, हेही स्पष्ट सांगणे आवश्यक होते, कारण शेजारपाजारच्या ऐकीव माहितीवर पतीने त्या रकमा हिशेबात धरल्या होत्या. जननी सुरक्षा योजनेची रोख मदत आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींतील मातांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठीची ‘लेक लाडकी’ योजना पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना मिळते, पण त्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे आणि या दोघांचे उत्पन्न त्याच्या कितीतरी वर होते. जी रक्कम मिळणार नाही ती हिशेबातून वेळीच काढून टाकली, म्हणून पुढचे आकडे विश्वास ठेवण्याजोगे झाले.

हिशेब

फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दोन्ही पगार चालू होते. मार्चमध्ये मोबाइलचा हप्ता संपला, गावी पाठवायचे ३,००० रुपये सासू-सासऱ्यांनी आपण होऊन १,५०० वर आणले आणि वर्षाचे तांदूळ पाठवले, मे महिन्याची गावची फेरी रद्द झाली. चार महिन्यांत २६,००० रुपये बाजूला पडावेत असा अंदाज होता. प्रत्यक्षात २३,००० पडले. भिशी बारा जणींची, प्रत्येकी २,००० रुपयांची, जानेवारी ते डिसेंबर अशी होती आणि चिठ्ठीत तिचा नंबर नोव्हेंबरचा निघाला होता. ऑगस्टचा नंबर असलेल्या बाईशी तिने अदलाबदल केली. लवकर उचललेली भिशी हे खरे तर कर्जच असते, म्हणून ऑगस्टमध्ये हाती आलेल्या २४,००० पैकी पुढच्या चार हप्त्यांचे ८,००० त्याच दिवशी पोस्टाच्या खात्यात टाकले आणि १६,००० रुपयेच आपले धरले.

बँकेतील शिल्लक, नवी बचत, भिशीचा हिस्सा आणि योजनेचा पहिला हप्ता मिळून ६४,००० रुपये झाले. यातून बाळंतपण, कपडे, लाडू आणि दोन समारंभ यांसाठी २७,००० रुपयांची मर्यादा घातली. एका पगारावर घर चालवताना बाळाच्या किरकोळ खर्चासह महिन्याला सुमारे ३,४०० रुपयांची तूट येणार होती, जून ते ऑगस्टच्या भिशीचे ६,००० वेगळे; म्हणजे आठ महिन्यांचे ३३,२०० रुपये. उरत होते ते जेमतेम चार हजार. हा हिशेब फार घट्ट होता आणि ते त्या दोघांना मी सांगितले, परंतु त्यात गहाण काही नव्हते.

सामान, पाऊस आणि घरातली वडीलधारी मंडळी

बाळ येण्याआधी त्याच्यासाठी नवे सामान घरात आणू नये, अशी सासूबाईंची श्रद्धा होती. पहिल्या दिवसांत बाळाला जुनेच कपडे घालावेत ही रीत आपल्याकडे आहेच, आणि खर्चाच्या दृष्टीने तिच्याइतकी सोयीची रीत दुसरी नाही. जुने धुवट सुती कापड नवजात कातडीला बोचतही नाही. नणंदेकडून झबली, टोपडी, कुंची आणि दोन गोधड्या आल्या. सासऱ्यांची तीन जुनी धोतरे फाडून लंगोट आणि दुपटी झाली. थोडे मलमल दादरच्या हिंदमाता कापडबाजारातून आणले, ते न कापता ठेवून दिले आणि बारशानंतर शिवले. सासूबाईंचा शब्द राहिला आणि कामही अडले नाही.

लंगोटांची संख्या आम्ही आधी वीस धरली होती, ती पन्नासवर नेली. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कपडे वाळत नाहीत, आणि या खोलीला एकच खिडकी, तीही डोंगराच्या बाजूला. दमट लंगोट बाळाला घातला की पुरळ येते. म्हणून छताखाली दोन दोऱ्या बांधल्या, पंख्याखाली वाळलेले कापड इस्त्री करून डब्यात ठेवण्याची सवय लावली आणि रात्रीपुरते विकतचे डायपर घ्यायचे ठरवले. मच्छरदाणीवर मात्र काटकसर केली नाही, कारण हेच महिने मलेरिया आणि डेंग्यूचे असतात. वॉकर यादीतून काढला. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पडून इजा होते, आणि कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. बाबागाडी त्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत चालवणार कुठे, हा प्रश्न पतीनेच विचारला. पाळणा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिला. थर्मामीटर, रबरी शीट, डायपर, मच्छरदाणी आणि मलमल धरून सामानाचा खर्च ४,३०० रुपये झाला.

पावसाचा विचार रुग्णालयात जाण्याच्या बाबतीतही करावा लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि मुंबईत जुलैची तारीख मिळालेल्या कोणत्याही घरात ती आठवण निघते. कळा सुरू झाल्यावर वस्तीच्या अरुंद वाटेने रिक्षा वर येत नाही, म्हणून खाली नाक्यापर्यंत तिला कोण नेणार, लालबहादूर शास्त्री मार्गावर पाणी असेल तर कोणत्या रस्त्याने जायचे आणि जवळचे दुसरे रुग्णालय कोणते, हे ठरवून भिंतीवर लिहून ठेवले. त्याखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि तीन शेजाऱ्यांचे क्रमांक होते. प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर, तपासण्यांचे कागद, दोघांची आधार कार्डे, एक हजार रुपये रोख, दोन गाऊन आणि बाळाची दुपटी जूनपासून तयार होती.

डोहाळजेवण रद्द करावे, असे पती म्हणत होता. माझे मत वेगळे होते आणि ते मी मांडले. पहिलटकरणीच्या मनाला त्या दिवसाचा जो आधार मिळतो, तो काढून घेऊन चार हजार रुपये वाचवणे मला पटत नाही. चाळीच्या गच्चीवर बायकांनी मिळून स्वयंपाक केला, फुलांची वाडी शेजारणींनी भरली, आणि नातेवाइकांना आधीच कळवले की भेट आणायचीच असेल तर बाळंतविड्यात उपयोगी पडेल असे काही आणावे. असे मागणे अनेकांना अवघड वाटते, पण सांगितल्यावर कोणी वाईट मानले नाही. एका मावशींनी स्टीलच्या डब्यांऐवजी डिंक आणि खारीक आणली, दुसरीने अळीव आणि साजूक तूप. मग मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून बाकीचे सामान आणून पत्नीच्या आईने लाडू घरीच वळले.

मालीश आईने करायचे ठरले. शेकशेगडी आणि धुरी यांबाबत दोन्ही घरांचा आग्रह होता, परंतु दहा बाय पंधराच्या बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाच्या छातीला बाधतो, हे डॉक्टरांनी समजावल्यावर गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड झाली. काजळ आणि बाळगुटी यांवरचा वाद अधिक चालला. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हे म्हणणे ज्यांनी स्वतः गुटी देऊन मुले वाढवली त्यांना पटणे सोपे नसते. शेवटी गुटी सहा महिन्यांनंतर पाहू, असे ठरले.

बाळंतपण आणि त्यानंतर

जुलैच्या चोवीस तारखेला पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. प्रसूती साधी होती, वजन २.६ किलो. वॉर्डात गर्दी होती, सासूबाईंना रात्री बाकावर बसून काढावी लागली, पण डॉक्टर प्रत्येक वेळी हजर होते. तिसऱ्या दिवशी बाळाला कावीळ दिसली आणि दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय’ असा निरोप गावी गेल्यावर तिथे रडारड झाली. उपचाराचा खर्च मात्र शून्य होता. वाढलेले दिवस, सोबतीचे जेवण आणि रिक्षा यांमुळे ठरलेले २७,००० रुपये अखेर २९,४०० वर गेले.

त्याच दोन दिवसांत दुधाचा प्रश्न उभा राहिला. दूध कमी येते असे वाटून एका नातेवाइकाने पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवला. वरचे दूध पूर्णपणे सुरू झाले तर ४०० ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपतो. महिन्याला सहा-सात डबे, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या डब्याने जवळजवळ ३,००० रुपये, म्हणजे महिन्याची तूट जवळजवळ दुप्पट झाली असती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाळ जितके ओढते तितकेच दूध तयार होत जाते, आणि बाटली लागली की ओढणे कमी होते. अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात व फुकट वाटप यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे ती याच कारणाने. महापालिकेच्या रुग्णालयांत या बाबतीत जुना अनुभव आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली होती. इथल्या परिचारिकेने शेजारी बसून बाळाला छातीशी कसे धरायचे, तोंड किती उघडल्यावर घ्यायचे ते दाखवले, दर दोन तासांनी पाजायला लावले आणि पेटीतल्या बाळासाठी वाटीत दूध काढून चमच्याने द्यायला शिकवले. पाचव्या दिवशी दूध पुरेसे येऊ लागले. डबा न उघडता दुकानदाराला परत केला.

जन्मनोंदणी रुग्णालयामार्फत २१ दिवसांच्या आत विनाशुल्क झाली. नाव ठरलेले नव्हते, तरी नोंदणी थांबवली नाही. बाळाचे नाव एका वर्षाच्या आत शुल्काशिवाय घालता येते. बारसे खोलीतच झाले आणि ६,००० रुपयांत आटोपले. लसी महापालिकेच्या केंद्रातच घेतल्या. दीड महिन्याच्या लसीनंतर ताप आला तेव्हा खाजगीत ‘न दुखणारी’ लस मिळते म्हणून पती बेचैन झाला होता, पण त्या लसीने संरक्षण अधिक मिळते असे नाही आणि तिला काही हजार रुपये लागले असते. साडेतीन महिन्यांचे डोस नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाले. मातृवंदनेचे उरलेले २,००० रुपये हे लिहीपर्यंत आलेले नाहीत आणि त्यासाठी अंगणवाडीत पाठपुरावा चालू आहे.

दिवाळीत पतीला ७,००० रुपये बोनस मिळाला. तो हिशेबात धरलेला नव्हता आणि तसाच बाजूला ठेवला. डिसेंबर अखेरीस खात्यात ११,८०० रुपये आहेत. जानेवारीची तूट भरल्यावर साधारण आठ हजार उरतील. भिशी संपली आहे आणि नव्या भिशीत तिने या वर्षी नाव घातलेले नाही.

आता प्रश्न आहे तो फेब्रुवारीत कामावर जाण्याचा. वस्तीजवळच्या पाळणाघराचे महिन्याचे ४,००० रुपये होतात, त्यात जाण्यायेण्याचा खर्च मिळवला तर ११,००० पैकी हाती सहा हजारच पडतात, आणि घरात फ्रिज नसल्यामुळे दूध काढून दिवसभर ठेवता येत नाही. दुकानमालकाने दुपारी बारा ते पाच अशी अर्धी पाळी ६,५०० रुपयांवर देऊ केली आहे, आणि सासूबाई मे महिन्यापर्यंत मुंबईत राहायला तयार आहेत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाळाला नाचणीची पेज आणि वरणभात सुरू होईल. ते तिला कसे मानवते हे पाहून अर्धी पाळी घ्यायची, असे दोघांनी ठरवले आहे.